निवृत्तिवेतनाचा संप आणि संपाबाहेरची माणसे

(छत्रपती संभाजीनगर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



१४ मार्च २०२३ रोजी महाराष्ट्रातील सरकारी व निमसरकारी कर्मचारी आणि शिक्षक यांनी जुन्या निवृत्तिवेतन योजनेसाठी बेमुदत संप पुकारला. सतरा लाखांच्या आसपास माणसे त्यात उतरली. कचेऱ्या ओस पडल्या, सरकारी रुग्णालयांतील शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या गेल्या, आणि 'एकच मिशन, जुनी पेन्शन' ही घोषणा तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचली. सातव्या दिवशी, २० मार्चला, मुख्यमंत्र्यांच्या आश्वासनानंतर संप मागे घेतला गेला. एवढी मोठी शक्ती एवढ्या लवकर आश्वासनावर का थांबली, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे. मला स्वतःला जुन्या योजनेनुसार निवृत्तिवेतन मिळते. माझा हितसंबंध आरंभीच सांगून टाकलेला बरा.

प्रथम मागणीच्या न्याय्यतेविषयी. निवृत्तिवेतन ही मायबाप सरकारची बक्षिसी आहे, ही समजूत इंग्रजी अमदानीतली. सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ रोजी नाकारा खटल्यात तिचा निकाल लावला. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने स्पष्ट केले की, निवृत्तिवेतन ही मेहेरबानी नसून केलेल्या सेवेपोटी मिळणारा हक्क आहे. विशेष म्हणजे या निकालाने घटनेच्या उद्देशिकेतील 'समाजवादी' या शब्दाचा आधार घेतला. आपल्या पक्षकार्यकर्त्यांनी तो एकदा मुळातून वाचावा. ज्याला आपण पगार म्हणतो त्याचा काही भाग मालक आज देत नाही, उद्यासाठी राखून ठेवतो. हा राखून ठेवलेला पगार म्हणजे निवृत्तिवेतन होय.

मग २००५ साली काय झाले? केंद्राने १ जानेवारी २००४ पासून नव्या भरतीसाठी जुनी योजना बंद केली होती. महाराष्ट्राने १ नोव्हेंबर २००५ पासून तेच केले. त्याच वर्षी राज्यात वित्तीय उत्तरदायित्वाचा कायदा झाला. बाराव्या वित्त आयोगाने राज्यांना कर्जात सवलत देऊ केली, पण असा कायदा करण्याची अट घातली. म्हणजे काटकसरीचा कायदा आणि निवृत्तिवेतनाची कपात ही जुळी भावंडे आहेत. कपात सोसणारे त्या दिवशी नोकरीत नव्हतेच. त्यांची भरतीच व्हायची होती. ज्यांना झळ पोहोचणार होती ते सभागृहाबाहेर, आणि जे संघटनेत होते त्यांना झळ नाही. म्हणून त्या वर्षी मोठा संप झाला नाही. भांडवलशाही कपात करते तेव्हा पहिला घाव नेहमी गैरहजर माणसावर घालते.

नव्या योजनेत कर्मचाऱ्याच्या पगारातून दहा टक्के कापले जातात. सरकारही दहा टक्के घालीत असे. १ एप्रिल २०१९ पासून ते चौदा टक्के झाले. ही रक्कम बाजारात गुंतवली जाते आणि निवृत्तीच्या वेळी किमान चाळीस टक्क्यांतून विमा कंपनीची वार्षिकी घ्यावी लागते. एक साधा हिशेब मांडू. समजा, कोणाजवळ चाळीस लाख साठले. त्यातले सोळा लाख वार्षिकीत गेले आणि सहा टक्के दराने परतावा मिळाला, तर महिन्याला आठ हजार रुपये हाती येतात. ही रक्कम महागाईबरोबर वाढत नाही. बाजाराची जोखीम, दीर्घायुष्याची जोखीम आणि महागाईची जोखीम या तिन्ही गोष्टी सरकारच्या खांद्यावरून उतरवून म्हाताऱ्याच्या खांद्यावर ठेवल्या, हा या 'सुधारणे'चा अर्थ.

आता सरकारी बाजू. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांनी जुन्या योजनेचा बोजा एक लाख दहा हजार कोटींचा होईल आणि राज्य दिवाळखोरीत जाईल असे सांगितले. पुढच्याच महिन्यात शिक्षक मतदारसंघाच्या प्रचारात, याच शहरात, जुन्या योजनेबाबत आपण नकारात्मक नाही असेही त्यांनी सांगितले. मतपेटीचे अर्थशास्त्र निराळे असते! तथापि बोजाचा मुद्दा थट्टेवारी नेण्यासारखा नाही. २००५ अखेर पंचविशीत लागलेला माणूस अठ्ठावन्नाव्या वर्षी, म्हणजे २०३८ च्या सुमारास निवृत्त होईल. चौदा टक्क्यांचा हप्ता मात्र सरकार आजच भरते. तेव्हा जुन्या योजनेकडे परत गेल्यास आज पैसे वाचतात आणि खर्च पुढच्या पिढीच्या सरकारवर पडतो. काही राज्यांना ती वाट सोपी वाटली, त्यामागे हेही कारण आहे. समाजवादी माणसाने हे मान्य करून पुढचा प्रश्न विचारला पाहिजे: खर्च भागविण्यासाठी महसूल कोणाकडून घ्यायचा? २० सप्टेंबर २०१९ रोजी पणजीत अर्थमंत्र्यांनी कंपन्यांवरील प्राप्तिकर तीस टक्क्यांवरून बावीस टक्क्यांवर आणला, तेव्हा वर्षाला एक लाख पंचेचाळीस हजार कोटींवर पाणी सोडत असल्याचे सरकारनेच सांगितले. त्या करात राज्यांचाही वाटा असतो. त्या सकाळी दिवाळखोरीचा उच्चार कोणी केला नाही.

येथवर आपले सर्वांचे एकमत होईल. यापुढचे काहींना कडू लागेल.

संपाच्या त्याच आठवड्यात मराठवाड्यात अवकाळी पाऊस झाला, गारा पडल्या. गहू, हरभरा आडवा झाला, आंब्याचा मोहर झडला. पंचनामा करावयाचा तो तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक यांनी. आणि तेच संपावर. पंचनामे रखडल्याच्या बातम्या रोज येत होत्या, आणि सरकारला त्याहून मोठे शस्त्र नको होते. संप चालू ठेवून पंचनाम्यापुरती माणसे बांधावर पाठविण्याचा निर्णय संघटनांनी पहिल्याच दिवशी जाहीर केला असता, तर शेतकरी आणि कर्मचारी यांच्यात पाचर मारणे इतके सोपे गेले नसते. संपात काय बंद ठेवायचे यापेक्षा काय चालू ठेवायचे, हे ठरविणे अधिक अवघड असते.

पण पाचर केवळ गारपिटीने बसली नाही. शेतकरी विचारतो, 'मला कोण पेन्शन देतो?' या प्रश्नाला मत्सर म्हणून झटकून टाकू नका. श्रावणबाळ योजनेच्या नावात 'राज्य निवृत्तिवेतन' हे शब्द आहेत. ती रक्कम २०२३ मध्ये वाढून महिना दीड हजार झाली, आणि तीही वार्षिक उत्पन्न एकवीस हजारांच्या आत असल्याचा दाखला मिळाला तर. वाळूजच्या कारखान्यातून निवृत्त होणारा कामगार १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत येतो. तिथे किमान निवृत्तिवेतन २०१४ पासून हजार रुपये. साडेसात हजार आणि महागाई भत्ता मिळावा म्हणून याच योजनेतील वृद्ध बुलढाण्यात वर्षानुवर्षे साखळी उपोषण करीत आले. शेतमजूर आणि घरकामगार बायांच्या वाट्याला तेवढेही नाही. संपाच्या मागणीपत्रकात यांच्यासाठी ठळक जागा असायला हवी होती.

कोणी म्हणेल, कर्मचारी संघटनेने जगाची मोट का बांधावी? याचे उत्तर आपल्याच राज्याच्या इतिहासात आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी उभी राहिली. १९७७ साली तिचा कायदा झाला. तिचा पैसा कोठून आला? १९७५ च्या व्यवसाय कराच्या कायद्यातून. शहरातल्या पगारदाराच्या पावतीतून कापलेला पैसा मराठवाड्यातील पाझर तलावाच्या कामावरच्या मजुरापर्यंत गेला. आजही पगारपत्रकात महिना दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे रुपयांची ती कपात दिसते. ती का सुरू झाली हे तरुण कर्मचाऱ्यांना ठाऊक नसते. १९७७-७८ मध्ये र. ग. कर्णिकांच्या नेतृत्वाखाली चौपन्न दिवसांचा संप झाला, त्या काळात हा कर नवा होता. कर्मचारी शेतमजुराला देणेकरी होता आणि ते देणे फेडीतही होता, हे गावागावांत जाऊन सांगण्याची संधी आपण घालविली.

परदेशाकडे क्षणभर पाहा. १६ मार्च २०२३ रोजी, आपला संप चालू असतानाच, फ्रान्सच्या सरकारने निवृत्तीचे वय बासष्टवरून चौसष्ट करणारा कायदा लोकसभेचे मत न घेता रेटला. तिथल्या आठही प्रमुख कामगार संघटना एकत्र होत्या आणि लक्षावधी लोक रस्त्यावर. कायदा झाला हे खरे. पण तिथे खाजगी कारखान्यातला कामगार संपकऱ्यांना 'तुम्ही लाडके' म्हणाला नाही, कारण निवृत्तिवेतन त्याचेही होते.

आपल्याकडे पुढे काय झाले ते थोडक्यात. १४ डिसेंबर २०२३ रोजी पुन्हा संप पुकारला गेला आणि पुन्हा आश्वासनावर थांबला. जानेवारी २०२४ मध्ये, ज्यांच्या भरतीची जाहिरात नोव्हेंबर २००५ पूर्वीची होती अशा सुमारे सव्वीस हजारांना जुन्या योजनेचा पर्याय मिळाला. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने एकीकृत योजना आणली व राज्य मंत्रिमंडळाने लागलीच ती स्वीकारली: पंचवीस वर्षे सेवा झाल्यास शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन, आणि कर्मचाऱ्याची दहा टक्के कपात कायम. हमीचे तत्त्व परत आले, हे संपाचे यश आहे. ते कमी लेखू नये. पण पंचवीस वर्षांची अट नीट वाचा. उशिरा भरती झालेल्यांचे, अनेक वर्षे तासिका तत्त्वावर राबलेल्या प्राध्यापकांचे काय?

पुढची कपात योजनेच्या नियमांतून येईलच असे नाही. कायम पदच न भरण्यातूनही ती येते. ६ सप्टेंबर २०२३ च्या शासन निर्णयाने नऊ खाजगी संस्थांमार्फत कंत्राटी भरतीचा मार्ग उघडला होता. लोकक्षोभामुळे ऑक्टोबरमध्ये तो रद्द करावा लागला. निर्णय रद्द झाला तरी वृत्ती रद्द झालेली नाही. कायम कर्मचारीच उरला नाही तर निवृत्तिवेतन कोणत्याही नावाचे असो, सरकारचे काय जाते? २००५ सालचा गैरहजर माणूस आज कंत्राटी आहे, आणि आता तो हजर आहे. तो तुमच्याच कचेरीत शेजारच्या टेबलावर बसतो, तुमच्याच वॉर्डात रात्रपाळी करतो, आणि बहुतेक ठिकाणी तुमच्या संघटनेचा सभासद नाही.

बाबा आढाव आणि अरुणा रॉय यांच्या पेन्शन परिषदेने किमान वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन प्रत्येक वृद्धाला मिळावे अशी मागणी २०१२ पासून मांडली. हमालाला कोणी एक मालक नसतो, तरी १९६९ च्या माथाडी कायद्याने मजुरीवर लेव्ही बसवून त्याच्यासाठी भविष्यनिधी व उपदान उभे केले. म्हणजे असंघटितांसाठी व्यवस्था होऊ शकत नाही हे म्हणणे महाराष्ट्रात तरी टिकत नाही. माझी सूचना एवढीच आहे. पुढच्या संपाच्या नोटिशीत ही मागणी पहिल्या क्रमांकावर लिहावी, आणि ती नोटीस देण्याआधी कंत्राटी कामगार, निवृत्त कारखाना कामगार आणि शेतकरी संघटना यांच्यासमोर ठेवून त्यांच्या सह्या घ्याव्यात. अत्यावश्यक म्हणून चालू ठेवावयाच्या कामांची यादीही तिलाच जोडावी, आणि पंचनामे त्या यादीत असावेत.