समथरची माती आणि घरात रुजणारं बी

झाशीहून कानपूरच्या रस्त्याला लागलं की मोंठ हे तालुक्याचं गाव येतं. तिथून उत्तरेकडे आत वळलं की समथर. खंदकाने वेढलेला किल्ला ही या गावाची पहिली ओळख. किल्लेदार दतियाच्या राजाचे, जातीने गुर्जर. अठराव्या शतकात मराठ्यांच्या फौजा बुंदेलखंडात वावरत होत्या, त्या धामधुमीत हे घराणं दतियापासून सुटं झालं. त्यातल्या रणजितसिंहाला मराठ्यांकडून राजा हा किताब मिळाला आणि 1817 साली इंग्रजांशी तह होऊन संस्थानावर शिक्कामोर्तब झालं. संस्थान म्हणजे तरी केवढं? सुमारे 178 चौरस मैलांचं.

पण श्रोतेहो, आजचा विषय किल्ला नाही, किल्ल्याभोवतालची माती आहे. आणि त्या मातीत न पेरता आधी घरात, ओसरीत, खिडकीत रुजवलं जाणारं भाजीचं बी.

बुंदेलखंडाचा शेतकरी मातीला चार नावांनी ओळखतो: मार, काबर, परवा आणि राकड. मार म्हणजे काळी, ओल धरून ठेवणारी. परवा पोयट्याची, हाताळायला सोपी. राकड तांबूस, भरड, उतारावरची. आणि काबर? ती ओली असताना पावलाला चिकटते, वाळली की तिच्यात नांगर शिरत नाही. झाशी जिल्ह्याच्या उत्तर अंगाला काळ्या मातीचं प्रमाण जास्त. गहू, हरभरा, वाटाणा यांना ती मानवते, कारण त्यांचा दाणा मोठा आणि कोंब दणकट. टोमॅटोचं बी मात्र इतकं बारीक की एका ग्रॅममध्ये साधारण तीनशे बसतात. ते फार खोल गेलं की दमतं. वर पाणी पडून पापडी धरली की कोंब खालीच वाकून राहतो.

मातीचं हे असं, आणि हवेचं त्याहून कडक. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो, जानेवारीच्या रात्री तो पाचाच्या आसपास उतरतो, धुकं दिवसदिवस हटत नाही. मिरचीच्या बियांना फुटायला 25 ते 30 अंशांची ऊब लागते. म्हणजे जानेवारीत उघड्या वाफ्यात टाकलेली मिरची नुसती पडून राहणार आणि कुजणार.

बागकामाच्या पुस्तकांत बी घरात रुजवणं ही बर्फाळ देशांची गोष्ट म्हणून येते, आणि भारतीय वाचक ते पान उलटून पुढे जातो. हा गैरसमज आहे. लंडनच्या माळ्याला फक्त थंडी चुकवायची असते. समथरच्या परसबागेला थंडी, ऊन आणि पापडी धरणारी माती अशी तीन संकटं चुकवायची असतात.

ही युक्ती मुळात श्रीमंतांची. रोमचा सम्राट टिबेरियस याला रोज काकडी लागे. रोमन लेखक प्लिनी लिहितो की त्यासाठी माळ्यांनी चाकांवरचे वाफे केले होते. उन्हात ढकलायचे आणि थंडीत पारदर्शक दगडाच्या पत्र्यांखाली आणायचे. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या भाजीवाल्यांनी तेच काम घोड्यांच्या लिदीवर केलं. शहरात घोडे भरपूर, तबेल्यांतली लीद कुजताना तापते, त्या ढिगावर मातीचा थर आणि वर काचेच्या घंटा. मोटारी आल्या, घोडे गेले आणि ती भाजी महागली.

बेतवा नदीच्या वाळूत काकडी-खरबूज करणाऱ्यांनी मात्र लिदीची आणि काचेची वाट पाहिली नाही. उत्तर भारतातल्या नदीपात्रांत थंडीतच वाळूत चर खणतात, त्यात शेणखत भरतात, ओल्या फडक्यात बांधून मोड आणलेलं बी लावतात आणि वाऱ्याच्या बाजूला सरकांड्यासारख्या गवताचा आडोसा उभा करतात. खालून खताची ऊब, वरून गवताचं छप्पर. पॅरिसची विद्याच ही, पण बिनपैशाची.

बियाण्याला पेरण्याआधी काहीतरी करावं लागतं हे ज्ञान इथे फार जुनं आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात धान्याचं बी सात रात्री दवात आणि उन्हात ठेवायला सांगितलं आहे, आणि सरकीसारख्या टणक बियांना शेण चोळायला. उज्जैनच्या वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेत याहून लांबलचक कृती दिली: बी दहा दिवस दुधात भिजवायचं, तुपाच्या हाताने हाताळायचं, शेणात घोळवायचं, वर धुरीही द्यायची. आजच्या घरात इतक्या दुधाचा हिशेब कोणी मान्य करणार नाही. पण त्यातलं शेण टिकलं आहे, आणि राखही.

राखेचा विषय निघाला की अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांचं नाव घ्यावंच लागतं. शाळेत न गेलेल्या या बाईंनी गावरान वाणांचं बियाणं मातीच्या मडक्यांत, राखेत, शेणाने लिंपून जपलं. बाएफ या संस्थेच्या साथीने त्यांची बीज बँक उभी राहिली, आणि 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. लोकांना मडकी आठवतात. त्यांच्या कामाचा दुसरा भाग कमी सांगितला जातो. त्यांनी नुसतं बी वाटलं नाही, वालाची रोपं तयार करून गावोगावच्या कुटुंबांना दिली. ज्या बाईकडे वाफा करायला वेळ नाही, पाणी नाही, तिच्या हातात बियांची पुडी देण्यापेक्षा चार पानांचं रोप दिलेलं बरं, हा त्यामागचा व्यवहार.

रोप आधी करून मग लावणं महाराष्ट्राला नवं नाहीच. नाशिककडे कांद्याचं बी म्हणजे उळे. ते दाट टाकायचं, सहा ते आठ आठवड्यांनी उपटून शेतात लावायचं. जाता जाता एक सांगायला हवं, झाशीचं गाव आणि किल्ला वाढवणारे मराठ्यांचे सुभेदार नारोशंकर हे त्याच नाशिक-मालेगावच्या मुलखाशी जोडलेले. 1742 ते 1757 ते झाशीत होते. त्यांच्या लोकांनी इकडे काय काय लावलं याची नोंद कोणी ठेवायची? दप्तरात सारा लिहितात, परसातली मिरची लिहीत नाहीत.

आता नारायणगावच्या टोमॅटोपट्ट्यात रोपवाटिका हा स्वतंत्र धंदा झाला आहे. 98 किंवा 104 कप्प्यांचे प्लास्टिकचे ट्रे, त्यात नारळाच्या काथ्याचा भुसा म्हणजे कोकोपीट, एका कप्प्यात एक बी. ज्याला हजारो रोपं विकायची आहेत त्याला हे परवडतं. पाच टोमॅटो, चार वांगी आणि सहा मिरच्या लावणाऱ्या घराने ट्रे, कोकोपीट आणि फवाऱ्याची बाटली असा संच विकत आणला तर पहिल्या वर्षीची भाजी बाजारापेक्षा महाग पडते, यात शंका नाही.

मग पैसा कुठे घालावा? बियाण्यावर. भांड्यावर मुळीच नको. पुसा रुबी टोमॅटो, पुसा ज्वाला मिरची ही सरळ वाणं आहेत. त्यांचं घरी धरलेलं बी पुढच्या वर्षी तशीच रोपं देतं. संकरित वाणाचं तसं नाही, ते दर वर्षी नवं घ्यावं लागतं. पाकीट एकदा उघडलं की उरलेलं बी कोरड्या बाटलीत बंद ठेवावं. टोमॅटोचं बी काही वर्षं टिकतं, कांद्याचं एका वर्षातच मान टाकतं. सरकारी प्रमाणित बियाण्यालाही टोमॅटो-वांग्यात किमान 70 टक्के आणि मिरचीत 60 टक्के उगवण एवढीच अट आहे, त्यामुळे दहा मिरच्यांतून सहा उगवल्या तर दुकानदाराशी भांडायला जाऊ नये. घरातलं जुनं बी असेल तर दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून चुलीजवळ ठेवावेत. किती फुटतात ते आठ-दहा दिवसांत कळतं.

भांड्यांची तर घरात रीघ लागलेली असते. दुधाच्या पिशव्या, खाली भोकं पाडलेल्या. वर्तमानपत्राच्या पुंगळ्या. बुंदेलखंडात पळस मुबलक, त्याच्या पानांचे द्रोण लग्नाकार्यात असतातच. दुधी, दोडका, काकडी यांच्या मुळांना हात लागलेला खपत नाही, त्यांना द्रोण किंवा कागदाची पुंगळी उत्तम, कारण भांड्यासकट जमिनीत लावता येते. टोमॅटो आणि वांगं सोशिक असतात. भेंडी, गवार, मेथी, मुळा यांच्यासाठी हा खटाटोप करूच नये, ती थेट वाफ्यात टाकावीत.

खरी अडचण मातीची, आणि इथे समथरच्या उन्हाचा उपयोग आहे.

लंडनजवळ मर्टन येथे जॉन इनिस या संस्थेत 1930 च्या दशकात शास्त्रज्ञांची रोपं वारंवार मरत होती. उगवलेलं रोप जमिनीलगत बारीक होऊन कोलमडतं, आपल्याकडे त्याला मर म्हणतात. लॉरेन्स आणि न्यूएल या दोघांनी माती वाफेने तापवून पाहिली, तिच्यातली रोगाची बुरशी मेली, आणि दोन भाग तापवलेली माती, एक भाग पीट म्हणजे दलदलीतला कुजका पाला, एक भाग वाळू असं बियांचं मिश्रण ठरलं. संस्थेने ते स्वतः विकलं नाही, प्रमाण छापून मोकळं केलं. आजही इंग्लंडच्या दुकानांत त्या नावाची पोती मिळतात.

समथरला वाफेचा बंब नको. इस्रायलच्या कटान यांनी 1976 साली दाखवून दिलं की ओल्या मातीवर पारदर्शक प्लास्टिक ताणून कडक उन्हात चार-सहा आठवडे ठेवलं तर वरच्या थरातली बहुतेक रोगकारक बुरशी मरते. मे महिन्यात हे काम समथरच्या कुठल्याही गच्चीवर फुकट होतं. प्लास्टिक पारदर्शकच हवं. काळं घातलं तर ते स्वतः तापतं, माती कमी तापते. काबर मातीची ढेकळं फोडून चाळायची, त्यात तितकीच नदीची वाळू आणि तितकंच चांगलं कुजलेलं शेणखत मिसळायचं, भिजवायचं, पातळ थर पसरायचा आणि झाकायचं. महिन्याभराने भरलेली पोती सावलीत ठेवली की डिसेंबरपर्यंत चिंता मिटली. कोकोपीटची गरज त्यातच संपते.

पाणी देताना मात्र बहुतेक जण चुकतात. वरून धार सोडली की बी वाहून जातं आणि पृष्ठभाग सतत ओला राहून मर येते. पिशव्या परातीत ठेवून खालून पाणी पाजावं, वरचा थर कोरडा दिसू द्यावा. उगवून आल्यावर उबेपेक्षा उजेड महत्त्वाचा. चुलीजवळ रुजलेलं रोप पहिल्या दिवशीच दक्षिणेच्या खिडकीत हलवलं पाहिजे. हिवाळ्यात या अक्षांशावर दुपारचा सूर्यही दक्षिणेला बराच खाली असतो, आणि तिथून ऊन आतपर्यंत येतं. अंधारात राहिलेलं रोप उंच, पांढरट आणि लुळं होतं.

झाशीत घरातून शेताकडे गेलेल्या प्रयोगाचं एक नाव देशभर झालं. जानेवारी 2021 मध्ये पंतप्रधानांनी मन की बात या कार्यक्रमात गुरलीन चावला या कायद्याच्या विद्यार्थिनीच्या स्ट्रॉबेरीचा उल्लेख केला. आधी घरी, मग शेतात, असा तिचा क्रम होता. स्ट्रॉबेरीची रोपं बियांपासून करत नाहीत, फुटव्यांपासून करतात, म्हणून तिची गोष्ट इथे तंतोतंत लागू पडत नाही. पण बुंदेलखंडात हे येत नाही असं म्हणणाऱ्यांना गप्प करायला ती पुरेशी होती.

वेळापत्रक उन्हाळ्याकडून मागे मोजावं लागतं. एप्रिलच्या मध्यानंतर समथरला लू, म्हणजे तापलेला वारा, सुरू होते, आणि दिवस 35 अंशांच्या वर गेले की टोमॅटोची फुलं गळतात. म्हणजे फळ त्याआधी धरलं पाहिजे, त्यासाठी रोप फेब्रुवारीच्या मध्याला बाहेर लावलं पाहिजे. टोमॅटोचं रोप लावणीला महिना घेतं, मिरचीचं चाळीस दिवस. म्हणून मिरची डिसेंबरच्या अखेरीस, टोमॅटो जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, आणि दुधी-काकडी जानेवारीच्या शेवटी. लावण्याआधी आठवडाभर रोपं दिवसा बाहेर, रात्री आत, पाणी कमी. वसंत पंचमी उलटली की वाफा, तोही संध्याकाळी.

पावसाळी मिरचीचा हिशेब वेगळा. जूनमध्ये रोप करायचं तर शत्रू थंडी नसते, पांढरी माशी असते. ती बोकड्याचा विषाणू कोवळ्या रोपात सोडते आणि मग झाड सुधारत नाही. घरातल्या मच्छरदाणीची भोकं या माशीला मोठी पडतात. त्यापेक्षा मलमलीचं जुनं धोतर किंवा विरलेली सुती साडी चार काड्यांवर ताणून रोपांवर घातली की काम होतं.