मनःस्वास्थ्य आणि पुण्यातील विद्यार्थी

मराठवाड्यातून वा खानदेशातून पुण्यात येऊन, सदाशिव पेठेत एका कॉटपुरती जागा भाड्याने घेऊन, घरच्यांच्या अपेक्षांचे ओझे मुकाट्याने वाहत अध्ययन करणाऱ्या विद्यार्थ्याची जेव्हा झोप उडते, अन्नावरची वासना जाते आणि चित्त उद्विग्न होते, तेव्हा तो बहुधा लोकापवादाच्या धास्तीने कोणापाशीच मन उघडे करीत नाही. आणि हे मौन मला मूळ दुखण्याहून अधिक घातक वाटते.

वस्तुतः साहाय्य दूर नाही. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिले आहेत. तेव्हा आपल्या महाविद्यालयाच्या कचेरीत त्याविषयी निःसंकोच चौकशी करावी. ससून सर्वोपचार रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. उपचारांविषयीची माहिती गुप्त राखली जाण्याचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णास दिलेला आहे.

रात्री-अपरात्री मन हताश झाले असता, केंद्र शासनाच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक अहोरात्र, विनामूल्य उपलब्ध असून तेथे मराठीतून बोलता येते. हा क्रमांक कृपया आताच टिपून घ्यावा आणि आपल्या खोलीतील सोबत्यासही द्यावा.