गावातून भरून येणारी पेटी
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी सोहळ्यात ग्रंथालय समितीच्या वतीने झालेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून ग्रंथालय समितीस बोलावयास सांगितले, हा आम्ही आमचा बहुमान समजतो. गणेशोत्सव, नाट्यप्रयोग, कोजागिरी, हळदीकुंकू या सर्वांचा पन्नास वर्षांचा ताळेबंद आपण आज अभिमानाने ऐकला. ग्रंथालयाचा ताळेबंद मात्र तितका उत्साहवर्धक नाही. कपाटे आहेत, पुस्तके आहेत. वाचक विरळ झाले आहेत. आपली नातवंडे हिंदीत नाही तर इंग्रजीत शिकतात. घरी मराठी बोलतात, पण मराठी पुस्तक हाती धरीत नाहीत. तेव्हा ही कपाटे आता कोणास देऊन टाकावीत का, असा प्रश्न गेल्या सर्वसाधारण सभेत निघाला. प्रश्न कटू असला तरी अप्रामाणिक नव्हता. आजचे आमचे भाषण हे त्या प्रश्नाचे उत्तर समजावे.

प्रारंभी आमचीच एक फजिती सांगतो. गेल्या पावसाळ्यात एक शाळकरी मुलगा ग्रंथालयात आला. "काका, मराठीतला पहिला मोठा ज्ञानकोश कोणी केला?" आम्ही तत्परतेने सांगितले, डॉक्टर श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी. "ते कुठले?" "पुण्याचे," आम्ही छातीठोकपणे म्हणालो. मुलाने हातातल्या मोबाइलवर बोट फिरवले आणि अगदी नम्रपणे म्हणाला, "काका, यात लिहिलंय त्यांचा जन्म रायपूरचा."

मुलगा गेल्यावर आम्ही कपाट उघडले. छापील चरित्रकोशात तेच होते : जन्म २ फेब्रुवारी १८८४, रायपूर. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जाऊन डॉक्टरेट मिळविणारा, 'हिंदुस्थानातील जातिसंस्थेचा इतिहास' इंग्रजीत लिहिणारा, आणि मायदेशी परतून वर्गणीदार जमवीत, भागभांडवल उभे करीत मराठीला तेवीस खंडांचा 'महाराष्ट्रीय ज्ञानकोश' देणारा हा पुरुष आपल्या या गावात जन्मला. आणि त्याचे खंड सांभाळणाऱ्या आम्हांस ते ठाऊक नव्हते! मुलाला ते कळले ते विकिपीडिया या संगणकीय ज्ञानकोशातून. खरे की खोटे हे मात्र आम्हांस कपाटातल्या पुस्तकानेच सांगितले. या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या म्हणजे आमच्या आजच्या विषयाचा गाभा हाती येतो.

विकिपीडियाचा आरंभ इंग्रजीत जानेवारी २००१ मध्ये झाला. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, म्हणजे महाराष्ट्र दिनी, सुरू झाला. केतकरांचा ज्ञानकोश नागपूर व पुणे येथील कार्यालयांत बसून मूठभर विद्वानांनी सिद्ध केला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाईस आकाराला आलेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. त्याही पाठीशी मोठे संपादक मंडळ आणि शासनाचे साहाय्य होते. विकिपीडियाची रीत निराळी आहे. तेथे लिहिणारा कोणीही असू शकतो : शिक्षक, शेतकरी, गृहिणी, विद्यार्थी. कोणाचे मानधन नाही, कोणाची नियुक्ती नाही. एकाने लिहिलेले दुसरा सुधारतो, आणि प्रत्येक बदल कोणत्या दिवशी कोणी केला याची नोंद 'इतिहास' या पानावर कायम राहते.

कोणीही लिहू शकतो म्हटल्यावर आपल्यातील जाणत्या मंडळींच्या कपाळाला आठी पडणे स्वाभाविक आहे. आमच्याही पडली होती. परंतु नियम पाहिल्यावर ती बरीचशी उतरली. नियम मुख्यतः तीन. लिहिलेल्या विधानाला विश्वसनीय, प्रसिद्ध झालेला संदर्भ हवा. लेखन आपल्या शब्दांत हवे. दुसऱ्याचे उचललेले नको. आणि ते निःपक्षपाती हवे. स्तुती नको, निंदाही नको. या तीन गोष्टी पाळण्याची सवय समाजात कोणाला असेल, तर ती ग्रंथपालाला. ग्रंथपाल स्वतः उत्तर देत नाही; उत्तर कोठे छापले आहे ते दाखवितो. म्हणूनच २०१६ साली, विकिपीडियाच्या पंधराव्या वाढदिवसापासून, जगभरच्या ग्रंथपालांना एक साधे आवाहन करण्यात येऊ लागले : प्रत्येक ग्रंथपालाने निदान एका विधानाला एक संदर्भ जोडावा. मोठा लेख नको, एक संदर्भ पुरे. आपल्या बंद कपाटांत असे किती संदर्भ निजलेले आहेत, याचा विचार आपणच करावा.

येथवर गोष्ट सोपी आहे. अडचण गावात गेल्यावर सुरू होते.

गेल्या हिवाळ्यात आम्ही महानदीकाठच्या एका गावी, तेथील शाळेच्या शिक्षकांच्या साहाय्याने, दोन दिवसांचा वर्ग घेऊन पाहिला. मंडळातले आम्ही चौघे, गावातले डझनभर तरुण, आणि कुतूहलाने येऊन बसलेले काही वृद्ध. विकिपीडियावर सरावासाठी जे कोरे पान मिळते त्याला मराठीत 'धूळपाटी' म्हणतात. हा शब्द ऐकून आमच्यातील एका आजोबांचे डोळे भरून आले. अक्षरे त्यांनी खरोखरीच्या धूळपाटीवर गिरवली होती. पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या गावाविषयी तीन वाक्ये धूळपाटीवर लिहिली. मराठीची सक्ती अर्थातच नव्हती. मुलांनी हिंदीत लिहिले, आम्ही मराठीत. दुसऱ्या दिवशी प्रत्येक वाक्यापुढे एकच प्रश्न विचारला : "कशावरून?" आमच्या मते सारे प्रशिक्षण या एका शब्दात आहे. कळ कोणती दाबायची, चित्र कसे चढवायचे हे मुले तासाभरात शिकतात. स्वतःच्या वाक्याला "कशावरून?" असे विचारण्यास मात्र मोठ्यांनाही वेळ लागतो.

त्या गावातील एका वृद्ध शेतकऱ्याने आम्हांस भाताच्या जातींची नावे सांगितली. दुबराज, सफरी, गुरमटिया अशी ओळखीची, आणि त्यांखेरीज आम्ही कधीच न ऐकलेली कितीतरी. कोणती लवकर पिकते, कोणती खोल पाण्यात उभी राहते, कोणता भात पाहुण्यांसाठी आणि कोणता पेजेसाठी, हे सारे बोटांवर. एक मुलगी भराभर टिपून घेत होती. शिकविल्याप्रमाणे तिने विचारले, "बाबा, हे कशावरून?" म्हातारा हसला. म्हणाला, "माझा बाप पेरीत होता. आणखी पुरावा काय पाहिजे?"

आम्हांस उत्तर सुचले नाही. नियमानुसार त्याचे ज्ञान ज्ञानकोशात जाऊ शकत नव्हते, कारण ते छापलेले नव्हते. आणि ज्याने ते छापावे असा माणूस त्या गावी आजवर फारसा गेलाच नव्हता. ही त्या वृद्धाची चूक नव्हे. ज्यांच्याविषयी कोणी पुस्तक लिहिले नाही त्यांचे ज्ञान ज्ञानच नव्हे काय, हा प्रश्न २०११ साली अचल प्रभाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातील व दक्षिण आफ्रिकेतील लोकांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून विकिपीडियापुढे ठेवला होता. त्यावर पुष्कळ वाद झाला. तोंडी साक्ष हा सर्वमान्य संदर्भ मात्र अद्याप झालेला नाही.

मग करावयाचे काय? याचे उत्तर रायपुरातच आहे. भातशास्त्रज्ञ डॉ. आर. एच. रिछारिया यांनी १९७० च्या दशकात येथील भात संशोधन संस्थेत असताना छत्तीसगडच्या शेतकऱ्यांकडून भाताच्या हजारो जाती गोळा केल्या व त्यांची नोंद केली. तो ठेवा आज इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयात जतन केलेला आहे. तेथील नमुन्यांची संख्या वीस हजारांच्या वर आहे. शेतकऱ्याच्या तोंडचे नाव कागदावर उतरले, बियाण्याबरोबर जपले गेले, म्हणून ते आज संदर्भ म्हणून देता येते. धमतरी जिल्ह्यातील नगरी दुबराजाला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हाही हा भात इथलाच हे कागदोपत्री दाखवावे लागले. लेखी नोंद ही केवळ विद्वानांची हौस नव्हे; तिच्यावर शेतकऱ्याचा हक्कही अवलंबून असतो.

म्हणजे मधला दुवा ग्रंथपालाने व्हावयाचे आहे. गावकरी सांगेल ते आधी कोठे छापले आहे काय, हे त्याने शोधावे. १९०९ चे रायपूर जिल्ह्याचे गॅझेटियर, रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेला मध्य प्रांतातील जातिजमातींवरील ग्रंथ, जनगणनेच्या जिल्हापुस्तिका, विश्वविद्यालयांचे अहवाल यांत पुष्कळ काही सापडते. जेथे छापील काही नाही तेथे छायाचित्र घ्यावे. हरेलीच्या दिवशी पुजलेली अवजारे, गेडीवर चालणारी मुले, तलावाचा घाट यांची चित्रे स्थळ व दिनांक नोंदवून विकिमीडिया कॉमन्स या भांडारात ठेवता येतात. आणि उरलेले, जे केवळ तोंडी आहे, ते सांगणाऱ्याच्या संमतीने ध्वनिमुद्रित करून, जाणकारांकडून तपासून, एखाद्या नियतकालिकात वा पुस्तकात प्रसिद्ध होईल असे पाहावे. आज ते ज्ञानकोशात गेले नाही तरी चालेल. उद्या जाण्याची वाट मोकळी होते. तो वृद्ध मात्र उद्या असेलच असे नाही.

आता थोडे आपल्याविषयी, आणि तेही स्पष्टपणे. वर्गाची वार्ता कळताच आमच्या अनेक स्नेह्यांनी सुचविले की, प्रथम आपल्या मंडळावरच एक लेख टाकू या. हे करावयाचे नाही. स्वतःच्या संस्थेवर स्वतःच लिहिणे त्या ज्ञानकोशाच्या शिस्तीत बसत नाही. आपण तारीखवार, पुराव्यासह नोंदी ठेवाव्यात. लिहिणारा तिऱ्हाईत असावा. हाच न्याय इतिहासाला. बिंबाजी भोसले १७५८ ते १७८७ या काळात रतनपुरास राज्य करीत होते. तेथील टेकडीवरील राममंदिर त्यांनी बांधले, हे आपण आनंदाने लिहू. परंतु त्यापूर्वी १७४१ साली भास्करपंतांच्या स्वारीने त्याच रतनपुरावर बसविलेली जबर खंडणीही त्याच लेखात यावयास हवी. येथल्या माणसाने तो लेख वाचून "हे खरे आहे" म्हटले पाहिजे. केवळ आपण नव्हे.

ही दृष्टी आपल्याला नवीन नाही. पंडित माधवराव सप्रे घरचे मराठी; पण १९०० साली त्यांनी पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' काढले ते हिंदीत. दासबोध आणि लोकमान्यांचे गीतारहस्य त्यांनी हिंदी वाचकाच्या हाती दिले. मराठीतले उत्तम त्यांनी या भूमीला दिले. या भूमीतले उत्तम मराठीला देण्याचे काम आपल्याकडे उरले आहे. बस्तरची हलबी बोली ग्रियर्सनने आपल्या भाषा-सर्वेक्षणात मराठीच्या खंडात घातली, हे पुण्या-मुंबईच्या किती वाचकांना ठाऊक असेल? ते आपण सांगावयाचे, कारण आपण दोन्हीकडचे आहोत.

बडोद्यास सयाजीराव महाराजांनी १९१० नंतर ग्रंथालयांचे जाळे उभारले, तेव्हा पुस्तकांनी भरलेल्या पेट्या गावोगाव फिरत असत. पेटी भरून जाई, गाव वाचून घेई, पेटी परत येई. आपल्याला ती पेटी पुन्हा पाठवावयाची आहे. या वेळी मात्र ती येताना गावाकडून भरून यावी, असा आमचा मनोदय आहे.

त्यासाठी समितीच्या मागण्या अल्प आहेत. कपाटे आहेत तेथेच राहावीत. त्यांच्याशेजारी एक संगणक व इंटरनेटची जोडणी मिळावी. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दोन तासांचा वर्ग व्हावा. त्यात आपल्या स्वयंसेवकांबरोबर आसपासच्या गावांतील शाळांचे ग्रंथालय सांभाळणारे शिक्षक असावेत, आणि त्यांच्या येण्याजाण्याचा खर्च मंडळाने सोसावा. वर्षातून दोनदा आपण त्यांच्या गावी जावे. नातवंडांना अवश्य सोबत आणावे : टंकलेखन त्यांना येते, "कशावरून?" हा प्रश्न आपल्याला येतो. दोघे एका बाकावर बसले तर मुलांच्या हाती मराठी पुस्तकही आपोआप येईल, कारण संदर्भ शोधावयाचा तर ते उघडावेच लागते. आमच्या त्या शाळकरी मित्राने गेल्या महिन्यात ज्ञानकोशाचा एक खंड स्वतःहून खाली काढला, एवढा पुरावा तूर्त आमच्यापाशी आहे.

नावनोंदणीची वही सभागृहाबाहेरच्या टेबलावर ठेवली आहे. वयाची अट नाही, संगणक येण्याची अट नाही. पहिले नाव त्या मुलाचे आहे. दुसरी ओळ कोरी ठेवली आहे. ती आपल्यापैकी कोणीतरी भरावी, ही विनंती करून आपली रजा घेतो.