उत्तरापूर्वी प्रश्न
(महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या मार्गदर्शकांपुढे केलेले भाषण)



पदवीच्या अखेरच्या वर्षाचा विद्यार्थी आपणांकडे येतो व विचारतो, "सर, पुढे काय करू?" आपण तत्काळ सांगून मोकळे होतो, "बँकेची परीक्षा दे", "एम. ए. कर". सांगणाऱ्याचा एक क्षण जातो, ऐकणाऱ्याची पाच वर्षे जातात! म्हणून आमची पहिली विनंती अशी की, उत्तर देण्यापूर्वी आपणच विचारावे. कोणत्या कामात तुझे मन रमते? घरात मिळवते हात किती? गाव सोडण्याची तयारी आहे काय? कमाईवाचून किती दिवस निभेल? मुलगी असेल तर तिच्या वडिलांशीही बोलावे. पुष्कळदा तिची वाट घरच्या उंबरठ्यावरच अडलेली असते.

दुसरी गोष्ट, ऐकीव माहिती देऊ नये. सीमाभागातील मुलाला दोन राज्यांचे नियम पाहावे लागतात. कर्नाटकाच्या सरकारी सेवेत जावयाचे तर कानडी आले पाहिजे; ते शिकल्याने मराठीपणास बाध येत नाही. महाराष्ट्रात अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी सीमाभागातील मराठी भाषकांकरिता स्वतंत्र तरतूद आहे. पण आवश्यक दाखले वेळेवर न काढल्यास हक्क कागदावरच राहतो. केंद्रीय नागरी सेवेच्या मुख्य परीक्षेची उत्तरे मराठीतून लिहिता येतात, हे आपण अभिमानाने सांगतो. परंतु पूर्वपरीक्षेचे प्रश्न हिंदी व इंग्रजीतच असतात, मुख्य परीक्षेत इंग्रजीच्या पात्रता-पत्रिकेत उत्तीर्ण व्हावे लागते, आणि खुल्या गटास वयाच्या ३२ व्या वर्षापर्यंत ६ च संधी मिळतात, हेही त्याच दमात सांगितले पाहिजे. मूळ जाहिरात मुलाकडूनच वाचून घ्यावी.

तिसरी गोष्ट, काम डोळ्यांनी दाखवावे. बेळगावच्या उद्यमबागेतील फौंड्री एकदा आतून पाहिलेला विद्यार्थी कारखान्याविषयी निराळा विचार करू लागतो. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात २०१४ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून अभियांत्रिकीखेरीज अन्य पदवीधरांनाही विद्यावेतन घेऊन काम शिकण्याची वाट मोकळी झाली आहे. ही वाट किती मुलांना आपण दाखविली?

शेवटी, प्रत्येक बेताला मुदत हवी. स्पर्धापरीक्षेचा मार्ग धरणाऱ्याने किती वर्षे देणार आणि न जमल्यास काय करणार, हे आरंभीच लिहून काढावे. दर चार महिन्यांनी तो कागद त्याच्यासह उघडावा. अपयश आले तर त्याला आपल्या दाराशी येण्यास संकोच वाटू नये. तेथेच मार्गदर्शकाची खरी कसोटी आहे.

निर्णय मात्र त्याचा त्यालाच घेऊ द्यावा. आपण दिवा धरावा. चालावयाचे त्याला आहे. घरची जमीन गहाण ठेवून शिकविलेल्या मुलाची उमेदीची वर्षे आपल्या एका बेसावध शब्दापायी वाया जाऊ नयेत, एवढीच आमची कळकळीची मागणी आहे.