मनाचे दुखणे
(ज्ञातिसंघाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



चिटणीसांनी आम्हास बोलावयास सांगितले, तेव्हा विद्यार्थ्यांच्या अभ्यासावर आम्ही काही सांगू, अशी त्यांची अपेक्षा असावी. परंतु आज निराळ्याच विषयावर चार शब्द बोलण्याची अनुज्ञा आम्ही मागतो. कोणाचा पाय मोडला तर शेजारीपाजारी समाचारास येतात. मनाचे दुखणे मात्र आपण माजघरात कोंडून ठेवतो.

दुःख आणि नैराश्य ही एक नव्हेत. आप्त गेला, अपयश आले, तर मन खिन्न होणारच. ते कालांतराने सावरते. परंतु मन सतत उदास राहणे किंवा आवडीच्या गोष्टींतही गोडी न वाटणे, आणि त्याच्या जोडीस झोप व भूक बिघडणे, थकवा, चित्त एकाग्र न होणे, आपण निरुपयोगी आहोत अशी टोचणी, मरणाचे विचार, ही लक्षणे बहुतेक दिवस अशी सलग दोन आठवडे टिकली, तर ते दुखणे समजून डॉक्टरांकडे जावे. तरुणांत ते चिडचिडीच्या रूपाने, तर वृद्धांत अंगदुखीच्या वा विस्मरणाच्या रूपानेही प्रकट होते.

हे आम्ही केवळ ग्रंथ वाचून सांगत नाही. सेवानिवृत्तीनंतरच्या दुसऱ्या वर्षी आम्हास रोज पहाटे तीनला जाग येऊ लागली. वर्तमानपत्र उघडावेसे वाटेना. शाळेची घंटा कानी पडली की डोळे भरून येत. घरी आम्ही 'पित्त' म्हणून सांगत असू. धाकट्या कन्येचा विवाह ठरावयाचा होता. बाप वेडा आहे असा बोलवा झाला तर? या भीतीने आम्ही पाच महिने तोंड मिटून बसलो. अखेर एका रात्री आमच्या कुटुंबाने विचारले, "अहो, जिवाचे बरेवाईट करावे असे तर तुमच्या मनात येत नाही ना?" त्या प्रश्नाने आमचा बांध फुटला. असे विचारल्याने भलता विचार मनात भरतो, ही समजूत खोटी आहे. विचारल्याने माणूस मोकळा होतो.

मनोविकारतज्ज्ञांनी औषध दिले. गुण यावयास काही आठवडे लागतील, आणि बरे वाटले तरी आपल्या मनाने ते बंद करू नका, असे बजावले. जोडीस एका मानसशास्त्रज्ञ बाईंकडे दर आठवड्यास पाऊण तास जाणे सुरू झाले. तेथे उपदेश मिळेल असे आम्हास वाटले होते. जन्मभर आम्ही दुसरे काय केले? परंतु बाईंनी उपदेश केला नाही. त्यांनी वही घालावयास सांगितली. एका रकान्यात घडलेली गोष्ट, दुसऱ्यात मनात आलेला विचार, तिसऱ्यात भावना. आम्ही लिहिले : 'जुना विद्यार्थी न बोलता गेला. आपली किंमत संपली. रडू आले.' बाईंनी विचारले, "सर, याला पुरावा काय? त्याने आपल्याला पाहिले होते काय?" हजारो वह्या तपासणाऱ्या आम्हास स्वतःच्या वहीतली चूक प्रथमच दिसली. दुसरा नियम असा की, उत्साहाची वाट न पाहता रोज एक लहानसे काम करावे. आम्ही देवळापर्यंत चालू लागलो. कृती आधी झाली, उत्साह मागून आला. अमेरिकेत अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास व पुढे ॲरन बेक यांनी १९६० च्या दशकात विचार तपासण्याच्या अशा पद्धती घडविल्या. एलिस यांचे विचार कि. मो. फडके यांनी मराठी वाचकांपर्यंत पोहोचविले. चार महिन्यांनी आम्हास पुरती झोप लागू लागली.

कन्येच्या विवाहाच्या बोलणीत आम्ही हे सारे सांगितले. एका स्थळाकडून पुन्हा उत्तर आले नाही. दुसऱ्या घरचे गृहस्थ म्हणाले, "आमच्या आईलाही असेच होई. आम्ही तिला नुसते गप्प बसवीत आलो." ते आज आमचे व्याही आहेत, आणि त्यांच्या अनुमतीनेच आम्ही हे सांगत आहोत.

विम्याच्या बाबतीत मनाचे व शरीराचे आजार समान लेखावेत, असे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने ठरविले आहे. आपल्या संघाच्या वैद्यकीय साहाय्य निधीनेही तसेच लेखावे, अशी कार्यकारी मंडळास आमची विनंती आहे. शासनाची 'टेली-मानस' ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी विनामूल्य आणि मराठीतूनही बोलता येते. हा क्रमांक वधूवर सूचीच्या पानावरच छापावा, म्हणजे तो घरोघरी वाचला जाईल!

आपल्या घरात कोणी पहाटे जागा असेल, तर आज रात्री त्याच्याजवळ बसून एक प्रश्न विचारा. एवढेच मागून आम्ही आपली रजा घेतो.