नऊ वर्षांनी पुन्हा आखणी



आपल्या नगर जिल्ह्याचं, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचं, गणपतीशी नातं जुनं आहे. कर्जत तालुक्यात भीमेकाठी सिद्धटेक, शहरात माळीवाड्याचा विशाल गणपती. पण आज मी देवळातल्या नाही, रंगवायला पाटावर बसलेल्या गणपतीबद्दल बोलणार आहे.

पूर्वी मी एका कारखान्यात मूर्ती रंगवायला जायचे. आम्हा बायकांकडे अंगाचा रंग, पितांबर, दागिने. डोळ्यांची आखणी पुरुष कारागिरांकडे, आणि जास्त मजुरीही आखणीलाच. मी एका कारागिराशेजारी बसून, बघून बघून आखणी शिकले. हात बसायला लागला, तोच सासूबाई अंथरुणाला खिळल्या. मग मुलांच्या शाळा. काम सुटलं ते नऊ वर्षं.

गेल्या वर्षी आमच्या बचत गटानं शाडूच्या मूर्ती करायचं ठरवलं. आखणी येणारी मी एकटी. सगळ्या म्हणाल्या, "ते तुझ्यावर सोडलं."

पहिल्याच मूर्तीचा एक डोळा वर, एक खाली. ओल्या फडक्यानं पुसायला गेले, तर खालचा पांढरा हातही निघाला. त्या रात्री झोप लागली नाही. शाडू गटाच्या पैशाचा होता, आणि ती मूर्ती माझ्या एकटीची नव्हती.

सकाळी शांतपणे पाहिलं. हात थरथरत होता, पण वळण विसरला नव्हता. खरी अडचण वेगळीच होती. मला चाळिशी लागली होती आणि मी ती मान्य करत नव्हते. आधी चष्मा केला. मग मूर्तीला हातच लावला नाही. फुटक्या कौलांना पांढरा रंग दिला आणि पंधरा दिवस, भांडी आवरली की, त्यावर नुसते डोळे काढले. पहिल्या आठवड्यातले डोळे रागावलेले दिसत. नंतर हळूहळू हसायला लागले.

तुमच्यापैकी कुणाचं असं काम सुटलं असेल, तर चार गोष्टी सांगते.

मूर्ती सावलीत, सावकाश आणि पूर्ण वाळू द्या. उन्हात घाईनं वाळवली तर शाडूला भेगा पडतात, आणि ओलसर मूर्तीवर रंग धरत नाही.

खडूच्या पांढऱ्या रंगात डिंकाचं पाणी बेतानं घाला. कमी पडलं तर रंग बोटाला लागतो, जास्त झालं तर पापुद्रे सुटतात.

आखणीला बसताना कोपर टेकवा. एक डोळा पुरा करून दुसरा घेऊ नका. आधी दोन्ही वरच्या पापण्या, मग दोन्ही बुबुळं. नजर किंचित खाली ठेवा, म्हणजे पुढं बसलेल्या माणसाकडे देव बघतो असं वाटतं. चुकलं तर ओलं असताना पुसू नका. वाळू द्या, पांढरा द्या, पुन्हा काढा.

आणि ब्रशला टोक काढायला तो तोंडात घालू नका. ही सवय मलाही होती.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०२० साली मूर्ती विसर्जनाचे सुधारित नियम काढले. त्यात मातीसारख्या नैसर्गिक वस्तूंच्या मूर्ती आणि विषारी नसलेले रंग सांगितले आहेत. म्हणून आम्ही चमकी आणि ऑइल पेंट घेत नाही. गेरू आणि हळदीनंही मूर्ती देखणी होते.

आमच्या मूर्ती विकल्या गेल्या. पण पैशापेक्षा एक गोष्ट मोठी झाली. यंदा गटातल्या दोन मुली माझ्या शेजारी कौलं घेऊन बसतात. मी चोरून बघून शिकले, त्यांना मी समोर बसवून शिकवते. आणि दर ठरवताना आखणीची मजुरी आम्ही वेगळी धरतो. ज्या कामाला पुरुषाला जास्त पैसे मिळत होते, ते काम बाईनं केलं म्हणून स्वस्त होत नाही.

ती पहिली, बिघडलेली मूर्ती आम्ही विकली नाही. पांढरा देऊन मी तिचे डोळे पुन्हा काढले आणि गटाच्या बैठकीच्या खोलीत तिचीच स्थापना केली. तुमचाही ब्रश, सुई, विणकाम, जे काही फळीवर पडलं असेल, ते एकदा खाली काढा. पहिले पंधरा दिवस वाईटच जमेल. ते कौलावर जाऊ द्या.