सहलीतला परका माणूस

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)

पहिला मोठा पाऊस झाला की पुण्या-मुंबईच्या कितीतरी घरांत एकच बेत शिजतो, रविवारी लोणावळ्याला जायचे. डब्यात पोळ्या आणि बटाट्याची भाजी, मुलांसाठी कोरडे कपडे, म्हाताऱ्यांसाठी स्वेटर. सगळी तयारी होते. फक्त एका गोष्टीचा विचार होत नाही. वाटेत कोणी अनोळखी माणूस संकटात दिसला, तर आपण काय करणार?

आपल्या गावात हा प्रश्न त्यामानाने सोपा. दवाखाना कुठे, रिक्षा कुठे, कोणाला हाक मारायची, हे माहीत असते. सहलीला गेलो की आपणच परके. शिवाय एका हातात मुलाचे बोट असते. मदतीला धावावे तर मुलाकडे कोण बघणार आणि न धावावे तर रात्री झोप लागत नाही. या ओढाताणीविषयी मला आज बोलायचे आहे.

भुशी धरण आपल्या सर्वांच्या ओळखीचे. रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावे म्हणून ब्रिटिश काळात बांधलेले. ३० जून २०२४ च्या रविवारी या धरणाच्या मागच्या बाजूच्या धबधब्यात पुण्याचे एक कुटुंब उतरले होते. वर डोंगरात पाऊस वाढला आणि बघता बघता प्रवाह फुगला. एकमेकांना घट्ट धरून उभी असलेली ती माणसे आपण नंतर दूरचित्रवाणीवर पाहिली. त्या कुटुंबातले पाच जण गेले, त्यांत लहान मुले होती. ते दृश्य पाहून अनेकांनी विचारले, 'काठावरच्या लोकांनी उडी का नाही मारली?'

प्रश्न मनापासूनचा आहे, पण चुकीचा आहे. तशा प्रवाहात पाय टिकत नाहीत. पट्टीचा पोहणारासुद्धा दगडांवर आपटतो. बुडणारा माणूस जीव वाचवायला हाताला येईल ते धरतो आणि वाचवणाऱ्यालाही खाली ओढतो. मग एकाच्या जागी दोन घरांत आकांत होतो. काठावरून करता येते ते वेगळे. दोर, काठी, दोन ओढण्यांची गाठ, झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन, जे सापडेल ते फेकायचे. ओढताना आपण उभे राहायचे नाही, जमिनीवर आडवे व्हायचे. आणि त्याच वेळी दुसऱ्या कोणीतरी ११२ क्रमांक फिरवायचा.

पुढच्याच वर्षी, १५ जून २०२५ ला, तळेगावजवळ कुंडमळ्यात इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळला. पुलावर पर्यटकांची गर्दी होती. चार जणांचा मृत्यू झाला, पन्नासच्या आसपास जखमी झाले. बचाव पथके पोहोचण्याआधी मदतीला धावले ते आसपासचे गावकरी. नदी त्यांच्या रोजच्या ओळखीची. पाणी कुठे खोल, कुठे उतार, कुठे पाय टेकतो, हे त्यांना ठाऊक होते. आपल्याला ते ठाऊक नसते. म्हणून परगावी मदत करायची पहिली रीत म्हणजे जाणत्या माणसाला हाक मारणे. ती धावून केलेल्या मदतीपेक्षा कमी प्रतीची नाही.

मावळात अशी जाणती माणसे पुष्कळ आहेत. लोणावळ्याच्या 'शिवदुर्ग मित्र' संस्थेचे नाव तुम्ही ऐकले असेल. कोणी दरीत अडकले, कोणी गडावर वाट चुकले, की ही मुले दोर आणि स्ट्रेचर घेऊन निघतात. आपापले कामधंदे सांभाळून, मोबदला न घेता. भुशीच्या दुर्घटनेत शोध घ्यायला नौदलाच्या पाणबुड्यांबरोबर तेही होते. ज्यांना ते शोधतात, ती माणसे बहुतेक वेळा त्यांच्या ओळखीची नसतात.

आमच्या घरातला एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही लोहगड उतरत होतो. बरोबर पत्नी, दोन मुले आणि सासूबाई. गणेश दरवाज्याच्या खाली पायरीवर एक पन्नाशीचे गृहस्थ बसले होते. पाऊस थांबलेला, हवा गार, तरी चेहऱ्यावर घाम. हात छातीवर. त्यांच्या बरोबरची मंडळी पुढे निघून गेली होती. 'जरा दम लागलाय, होईल बरं,' असे म्हणत ते उठायला लागले.

सासूबाईंनी त्यांना दटावून खाली बसवले. 'भाऊ, उठायचं नाही. बसा भिंतीला टेकून.' सासरे असेच गेले होते, त्यामुळे ती लक्षणे त्यांना ठाऊक होती. पत्नीने मुलांना आतल्या बाजूला घेतले. मी फोन काढला, तर रेंज नाही. मग खाली ताक विकणाऱ्या मावशींना हाक मारली. त्यांनी टोपली बाजूला ठेवली आणि मुलाला वाडीत पिटाळले. रेंज कुठे येते, हे त्याला माहीत होते. त्याने १०८ ला फोन लावला आणि येताना तीन-चार पोरांना आणि एक प्लास्टिकची खुर्ची घेऊन आला. त्या खुर्चीवरून त्यांनी पायरी पायरी करत गृहस्थांना लोहगडवाडीत उतरवले. गृहस्थांच्या मुलाला गाठून रुग्णवाहिकेत बसवेपर्यंत आम्ही थांबलो. आमची लोकल चुकली. धाकट्याने विचारले, 'ते आपले कोण होते?' सासूबाई म्हणाल्या, 'कोणी नाही रे. म्हणून तर थांबलो.'

त्या दिवशी आम्ही फार मोठे काही केले नाही. कामे वाटून घेतली, इतकेच. एकाने मुले सांभाळायची, एकाने रुग्णाजवळ थांबायचे, एकाने हाक मारायची. हे घरून निघतानाच ठरवून ठेवता येते.

रस्त्यावरच्या अपघाताविषयी एक भीती अजून लोकांच्या मनात आहे, पोलिसांच्या फेऱ्याची. एक्स्प्रेसवेवर पुढची गाडी उलटलेली दिसते आणि आपण काच वर करतो. ही भीती आता धरू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाच्या नियमांना बळ दिले. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात १३४ अ हे कलम आले. सद्हेतूने मदत करणाऱ्यावर त्यामुळे दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. नाव-पत्ता सांगण्याची सक्ती नाही. मात्र गाडी थांबवायची ती सुरक्षित जागी, मुलांना रस्त्यावर उतरू न देता.

जुलै २०२५ मध्ये लोहगडाचा समावेश जागतिक वारशाच्या यादीत झाला. गर्दी वाढेल, ताकवाल्या मावशींचा धंदाही वाढेल, चांगलेच आहे. पण गर्दीत माणूस लवकर एकटा पडतो. प्रत्येकाला वाटते, दुसरा कोणीतरी बघेल. तेव्हा येत्या पावसाळ्यात सामान भरताना पिशवीत एक दहा-पंधरा मीटरचा मजबूत दोर टाका, आणि मुलांना हे दोन क्रमांक पाठ करून घ्या : ११२ आणि १०८. ते बहुधा लागणार नाहीत. लागलेच, तर कोणाच्या तरी घरचे माणूस घरी परत जाईल.